कंबरभर पाण्याच्या पुढे

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे ह्या तीन गोष्टी एकाच सकाळी, एकीमागून एक, मध्ये घड्याळ न थांबवता करावयाच्या, अशा शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. आपल्या बेटावर फ्रेंच वळणाने ‘त्रियातलों’ म्हणणारेच अधिक. रविवारी सकाळी किनाऱ्यावरचा रस्ता अडवलेला असतो, ओल्या अंगाने माणसे सायकलींवर बसून सुसाट निघालेली असतात, आणि आपण मोटारीच्या काचेतून ते पाहून ‘हॉटेलवाल्यांचे खूळ’ असे म्हणत गाडी दुसऱ्या रस्त्याला वळवतो. वाचकांपैकी पुष्कळांनी हा अनुभव घेतला असेल. आम्हीही वर्षानुवर्षे गाडी वळवतच होतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही चार शिक्षकांनी, दोन पुरुष आणि दोन भगिनी, अशा शर्यतीची पहिलीवहिली तयारी सुरू केली. चौघेही चाळिशी ओलांडलेले, चौघांनाही प्रशिक्षण महाविद्यालयात शिकलेली कवायत एवढाच व्यायाम ठाऊक. नोव्हेंबरमध्ये पश्चिम किनाऱ्यावर एक छोटी शर्यत झाली, तिच्यात आमच्यापैकी तिघे उतरले. चौथ्याची हकिगत पुढे येईल. ह्या सहा महिन्यांत जे शिकलो त्यातले बरेचसे पुस्तकात मिळते. परंतु आपल्या समाजातल्या माणसाला नेमके कोठे अडते ते पुस्तकात मिळत नाही, म्हणून हा लेख.

खेळ तसा नवा आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात मिशन बे येथे २५ सप्टेंबर १९७४ रोजी, एका बुधवारी संध्याकाळी, तेथल्या धावपटूंच्या मंडळाने गंमत म्हणून तिन्ही प्रकार एकत्र केले आणि ४६ जण त्यात उतरले. त्या दिवशी धावणे आधी होते आणि पोहणे अखेरीस. दमलेल्या माणसाला शेवटी पाण्यात सोडणे शहाणपणाचे नव्हे. पुढे पोहणे आरंभीच घेण्याचा रिवाज पडला आणि तो आजही चालू आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये हवाई बेटांवर जॉन कॉलिन्स ह्या नौदल अधिकाऱ्याने आणि त्याच्या पत्नीने ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२ किलोमीटर धावणे अशी राक्षसी शर्यत योजिली. पंधरा जण निघाले, बारा पोहोचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलरलाही पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. ह्याच शर्यतीमुळे ‘हे काम लोखंडी माणसांचे’ असा समज जगभर पसरला, आणि तो आपल्यासारख्यांच्या मार्गात आजही आडवा येतो.

वस्तुतः २००० साली सिडनी येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे एवढ्या मापाचा. त्याच्या निम्मी शर्यत म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. नवशिक्याने डोळ्यांसमोर ठेवावी ती हीच. वीस किलोमीटर सायकल म्हणजे वाक्वाहून फ्लिक-आँ-फ्लाकला उतरण्याएवढीच काहीशी मजल. पाच किलोमीटर तर निम्मे धावत, निम्मे चालतही पुरे होतात. चालण्यास नियमांची मनाई नाही. राहिले ते ७५० मीटर पाणी. तीन अंकांतला हा सर्वांत छोटा आकडा, पण आमच्या सहा महिन्यांतले चार महिने त्यानेच खाल्ले.

पाण्याकडे वळण्याआधी डॉक्टरांकडे वळले पाहिजे. आपल्या देशात मधुमेहाचे प्रमाण किती आहे हे वाचकांना नव्याने सांगणे न लगे. १९८७ पासून सरकारी पाहण्या होत आल्या आहेत आणि प्रौढांमध्ये सुमारे पाचांत एक असा त्यांचा निष्कर्ष आहे. शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी साखर न घेणाऱ्यांची गणती केली तरी तोच हिशेब निघेल. अमेरिकेत १९८५ ते २०१६ ह्या काळातील ट्रायथलॉन शर्यतींत झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग संशोधकांनी एकत्र केले, तेव्हा १३५ नोंदी मिळाल्या. त्यांतल्या ९० पोहण्याच्या टप्प्यातल्या होत्या. बहुसंख्य पुरुष, सरासरी वय ४७ च्या आसपास, आणि शवविच्छेदन झालेल्यांपैकी अनेकांचे हृदय आधीपासूनच आजारी असल्याचे आढळले. लाखो लोक ह्या शर्यतींत भाग घेतात, त्या मानाने हा आकडा लहान आहे हे खरे. पण वय आणि लिंग वाचून आम्ही दोघे पुरुष काही क्षण गप्प राहिलो.

म्हणून चौघांनीही तपासणी करून घेतली. आमच्यातले एक गुरुजी दहा वर्षांचे मधुमेही. जिने चढताना दम नाही, छातीत कधी कळ नाही. चालत्या पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख घेतला तेव्हा डॉक्टरांनी यंत्र मध्येच थांबवले. मधुमेह्याच्या हृदयाची वेदना पुष्कळदा जाणवतच नाही, दुखत नाही म्हणून ठीक आहे असे मानू नये, असे डॉक्टर म्हणाले. पुढे एका रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागली. शर्यत मनाई, चालणे मात्र रोज, आणि ते आज आमच्या सर्वांहून अधिक नेमाने चालतात. पण त्यांनी मंडळी सोडली नाही. दर शनिवारी किनाऱ्यावर फिलावच्या सावलीत शाळेची हजेरीवही आणि गळ्यात शिट्टी घेऊन ते बसू लागले. पाण्यात किती गेले, बाहेर किती आले, कोण किती वाजता, सर्व वहीत. ज्याला आम्ही प्रारंभी त्यांचे मन रमवण्याचा उपाय समजलो, तीच पुढे आमच्या तयारीतली सर्वांत उपयोगी गोष्ट ठरली.

आता पाणी.

आपण बेटावरची माणसे. चारही बाजूंना समुद्र, आणि आपले पूर्वज तर कोकणातले, मुंबई बंदरातून निघून आठवड्यांमागून आठवडे पाण्यावर काढून इथे आलेले. पण ते आले गलबतात बसून, आणि पोर्ट लुईच्या घाटाच्या पायऱ्या चढून उसाच्या मळ्यांकडे गेले ते परत समुद्राकडे पाठ करूनच. वाक्वा, हेनरिएता, कास्काव्हेल, ब्लॅक रिव्हर ह्या आपल्या वस्त्यांपैकी काहींतून समुद्र डोळ्यांना दिसतो, तरी त्याच्याशी आपला संबंध दोनच प्रकारचा. एक विसर्जनाचा आणि दुसरा सहलीचा, बिर्याणीचे पातेले, चटया आणि गाण्याच्या साथीचा. दोन्ही वेळा आपण कंबरभर पाण्यापर्यंत जातो आणि तिथून मागे फिरतो. घरोघरी मुलांना ‘लांब जाऊ नका’ असे सांगितले जाते, आणि लांब म्हणजे किती, तर सांगणाऱ्याला स्वतःला जेवढे जाता येत नाही तेवढे.

महाराष्ट्रातले एक उदाहरण येथे बोलके आहे. मिलिंद सोमण ह्यांनी २०१५ साली झुरिक येथे वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पूर्ण लांबीची लोखंडी शर्यत सुमारे सव्वापंधरा तासांत पूर्ण केली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्यांच्या वयाचे कौतुक केले. कौतुक योग्यच. परंतु ते तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते ही गोष्ट वाचकाने विसरू नये. पाणी त्यांना लहानपणीच भेटले होते. ज्याला ते भेटले नाही त्याने चाळिशीत कोठून आरंभ करावा?

आम्ही तलावापासून आरंभ केला. बो बासँ येथे सर्ज आल्फ्रेद तलाव आहे, आणि २०१९ च्या हिंदी महासागर द्वीप क्रीडा स्पर्धेसाठी कोत द’ओर येथे बांधलेल्या संकुलात ५० मीटरचा मोठा तलाव आहे. त्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पंधरा वेळा गेले की ७५० मीटर भरतात. पहिल्या दिवशी आमच्यापैकी एकालाही एक वेळा जाता आले नाही. ज्या भगिनींना सर्वांत अधिक भीती होती त्या पहिले तीन दिवस कठड्याला धरून नुसत्या उभ्या होत्या, आणि शिकवणाऱ्या तरुणाने त्यांना घाई केली नाही. तो चांगला शिक्षक आहे हे आम्ही तेव्हाच ओळखले.

नवशिक्याला वाटते की पोहणे म्हणजे हातपाय मारण्याची ताकद. तसे नाही. पोहणे म्हणजे श्वास सोडणे. डोके पाण्यात गेले की माणूस श्वास कोंडून धरतो, मग वर येऊन घाईघाईने आधी सोडतो, मग घेतो, तोवर नाक पुन्हा पाण्याखाली. चार वेळा असे झाले की छाती भरून येते आणि वाटते की दम संपला. वास्तविक दम संपलेला नसतो, जुनी हवा बाहेर गेलेली नसते. श्वास पाण्याखालीच, सावकाश, बुडबुडे काढीत सोडावयाचा, आणि तोंड बाजूला वळले की फक्त घ्यावयाचा. हे कळायला एक मिनिट लागते आणि अंगात यायला सहा आठवडे. आमच्या शिक्षकाने त्यावर उपाय सांगितला तो मोठा मजेशीर: पाण्याखाली गुणगुणा. गुणगुणताना श्वास आपोआप बाहेर जातो. आम्हाला गुणगुणण्याजोगे काय येते, तर ओंकार आणि आरत्या. त्यामुळे एका फ्रेंचभाषक तलावाच्या तळाशी, मे महिन्याच्या थंडीत, तीन मराठी शिक्षक काही दिवस गणपतीची आरती म्हणत होते. झाकरी गाणाऱ्या आमच्या गावच्या मंडळींना हे जड जाणार नाही असा आमचा अंदाज आहे. रात्रभर नाचत गाणाऱ्याला श्वास कोठे सोडावा हे कोणी शिकवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट अंग सपाट ठेवण्याची. डोके वर उचलून पुढे पाहिले की पाय खाली जातात, आणि माणूस पोहण्याऐवजी पाण्यात चढण चढू लागतो. नजर खाली, मान सैल, कंबर पाण्याच्या वरच्या अंगाला. तिसरी, आणि आमच्या मते पहिल्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाठीवर तरंगणे. कोणत्याही क्षणी घाबरायला झाले की उलटे व्हावे, कान पाण्यात जाऊ द्यावेत, आभाळाकडे पाहून दहा श्वास मोजावेत. ज्याला हे येते त्याला समुद्रात विसाव्याची जागा सदैव सोबत असते. ज्याला हे येत नाही त्याने पन्नास मीटर कितीही वेगाने पोहून दाखवले तरी त्याला समुद्रात नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

ऑगस्टमध्ये आम्ही समुद्रावर गेलो. त्या महिन्यात पाणी २२-२३ अंशांवर असते. युरोपच्या माणसाला ते कोमट वाटेल, आपल्याला कापरे भरते. थंड पाणी तोंडावर आले की श्वास आपोआप आखूड होतो, म्हणून आधी उभ्यानेच तोंड आणि मान भिजवून श्वास स्थिर करावा आणि मगच पुढे झेपावे. तलावात तळाला काळी रेघ असते, समुद्रात ती नसते. दर आठ-दहा हातांनंतर डोळे जेमतेम पाण्यावर काढून किनाऱ्यावरची एखादी खूण पाहावी लागते. आमची खूण म्हणजे एक वाकडे फिलाव. (ज्याला कोकणात सुरू म्हणतात तेच हे झाड, आपल्या आज्या-पणज्यांना इथल्या किनाऱ्यावर तेवढे एक ओळखीचे वाटले असेल.)

आपल्या बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, म्हणून आतले पाणी शांत असते आणि ते पाहून फसगत होते. भिंतीला जेथे खिंडी आहेत तेथून आतले पाणी बाहेर ओढले जाते. त्या खिंडींच्या जवळपास पोहू नये, आणि खिंड कोठे आहे हे इंटरनेटला न विचारता तिथल्या कोळ्याला विचारावे. शिवाय हिवाळ्यात आग्नेयेचा वारा जोरात असतो. पश्चिम किनाऱ्यावर तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे पाणी आरशासारखे दिसते आणि तरंगणारा माणूस नकळत बाहेर सरकतो. तेव्हा किनाऱ्याला समांतर पोहावे, पाय टेकतील अशा खोलीच्या आसपास राहावे, एकटे कधीही जाऊ नये, आणि कंबरेला भडक रंगाचा फुगा बांधावा म्हणजे होडीवाल्याला आपण दिसतो. तळाशी काटेरी साळू असतात आणि क्वचित लाफ हा विषारी मासा दगडाचे सोंग घेऊन पडलेला असतो. पाण्यात शिरताना आणि निघताना पायांत जुने बूट हवेत. लाफचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून तडक दवाखाना गाठावा.

पहिल्या शनिवारी आमच्या त्या भगिनी गळ्याएवढ्या पाण्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. खाली गवताळ तळ काळा दिसत होता. “मला तळ दिसला की भीती वाटते आणि नाही दिसला तरी भीती वाटते,” असे त्या म्हणाल्या. कोणी हसले नाही. त्या दिवशी त्या तिथेच पाठीवर तरंगल्या, किनाऱ्यावरून हजेरीवाल्या गुरुजींनी वहीत ‘तरंगल्या, ११ मिनिटे’ असे लिहिले, आणि सराव संपला. पुढच्या शनिवारी वीस मीटर. त्यापुढच्या शनिवारी पन्नास.

मध्येच चतुर्थी आली. व्रत, पाहुणे, सजावट ह्यांत दोन आठवडे सराव बंद, आणि त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु विसर्जनाच्या दिवशी एक गोष्ट घडली. मूर्ती पाण्यात नेताना मुले नेहमीप्रमाणे पुढे धावली. तेव्हा आमच्यापैकी दोघे कोणी न सांगता मुलांच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, छातीभर पाण्यात जाऊन किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. आजवर त्या जागी आपल्यातले कोणी उभे राहिलेले आम्हाला आठवत नाही. काही अघटित घडले नाही, घडण्याची चिन्हेही नव्हती. फक्त एक आजी किनाऱ्यावरून म्हणाल्या, “गुरुजी, तिथे उभे राहायला शिकलात ते बरे केलेत.” स्पर्धेत मिळालेल्या पदकापेक्षा आम्हाला हे वाक्य अधिक लक्षात आहे.

सायकलीबद्दल थोडक्यात. आपल्या देशाची कन्या किम ल कूर हिने २०२५ मध्ये लिएज–बास्तोन–लिएज ही जुन्या नावाची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी स्त्रियांच्या फ्रान्स-परिक्रमेत पिवळा अंगरखा घातला, तेव्हापासून रस्त्यावर सायकली वाढल्या आहेत. दुकानात लाखाच्या घरातल्या सायकली पाहून परत फिरू नये. पहिल्या शर्यतीला गिअरची कोणतीही धड सायकल चालते. आमच्यातल्या एकाची तर भाच्याची जुनी होती. बैठकीची उंची मात्र जाणकाराकडून बसवून घ्यावी: पाय खाली गेला असता गुडघ्यात किंचित वाक राहिला पाहिजे, नाहीतर पंधरा दिवसांत गुडघा बोलू लागतो. जड गिअरमध्ये दात-ओठ खाऊन रेटण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरवावेत. पुढे धावायचे आहे हे मांड्यांना माहीत नसते, आपल्याला असते. आतली नळी स्वतः बदलता आली पाहिजे. आमच्या दोन्ही भगिनींनी ती विद्या पुरुषांच्या आधी आत्मसात केली.

आम्ही रविवारी पहाटे तामारँपासून ला गोलेतमार्गे ल मोर्नच्या दिशेने जात असू. रस्ता सपाट, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. पण वारा कोठे पाठीवर, कोठे थेट तोंडावर. जाताना पाखरासारखे गेलो म्हणून फुशारकी मारू नये, परतीचा वारा हिशेब चुकता करतो. जून ते डिसेंबर ऊसतोडणीचा काळ. मालमोटारींतून पडलेली उसाची कांडी रस्त्यावर असतात आणि पावसाने ओली झाली की सायकल त्यांवरून अशी घसरते की सावरायला वेळ मिळत नाही. ऊस हे आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. त्याने आजोबांची पाठ वाकवली, नातवांची हाडे त्याच्या वाटेत येऊ देऊ नयेत.

शर्यतीत एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याची जागा ठरलेली असते, आणि तिथला वेळही घड्याळात धरला जातो. सायकल स्टँडवरून काढण्याआधी शिरस्त्राण डोक्यावर घालून त्याचा पट्टा लावलेला असलाच पाहिजे, नाहीतर दंड. आखलेल्या रेषेच्या पुढे गेल्यावरच सायकलीवर बसावयाचे. हौशी शर्यतींत बहुधा दुसऱ्याच्या चाकामागे वारा चुकवीत जाण्यास मनाई असते. ह्या जागेची तालीम आम्ही शाळेच्या पटांगणात, दोन बाकांमध्ये सायकली टेकवून केली. मुलांना ती फार आवडली; गुरुजींना ओल्या पायांवर मोजे चढवताना पाहण्याची संधी रोज येत नाही.

सायकलीवरून उतरून धावू लागले की पाय लाकडाचे होतात. हे सर्वांनाच होते आणि दहा मिनिटांत ओसरते, पण ज्याने आधी अनुभवले नाही तो घाबरतो. यासाठी आठवड्यातून एकदा सायकल झाल्याबरोबर, बसून न राहता, दहा-पंधरा मिनिटे धावावे. धावण्याविषयी आणखी सांगण्यासारखे फारसे नाही. बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. श्वास तुटू लागला की चालावे. अंतर दर आठवड्याला थोडेथोडेच वाढवावे. एकंदर आठवड्याला पाच-सहा तास पुरतात: मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर तलाव, बुधवारी धावणे, शनिवारी समुद्र, रविवारी सायकल. तिसऱ्या सत्रातील परीक्षांच्या वह्या तपासण्याच्या काळात ह्यातले निम्मेच होते, आणि निम्म्यानेही काम भागते.

खाण्यात काही विशेष लागत नाही. सरावाच्या दोन तास आधी पाव आणि केळे. उन्हाच्या दिवसांत तासाभराहून अधिक वेळ असेल तर पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर. मधुमेह्याने औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे आणि खिशात साखरेच्या गोळ्या ठेवाव्यात, कारण व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. एक तास पोहून आल्यावर डालपुरीच्या दोन जोड्या हक्काने खाव्यात असा जो समज आमच्या मंडळीत फोफावत होता त्याला हजेरीवहीच्या गुरुजींनी वेळीच आवर घातला.

भगिनींसाठी वेशाचा प्रश्न असतो, आणि तो लाजेने बोलला जात नाही म्हणून इथे बोलतो. लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा किंवा त्याहून लांब पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो, आणि शर्यतीतला नियम आधी विचारून घेतला की घोटाळा होत नाही. साडी किंवा सैल पंजाबी पोशाख घालून मात्र खोल पाण्यात जाऊ नये. भिजलेले कापड पायांत गुंडाळते आणि खाली ओढते. ह्याबाबतीत मर्यादेचा विचार करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

नोव्हेंबरच्या त्या सकाळी पाणी २५ अंशांच्या वर गेले होते आणि वारा पडलेला होता. नवशिक्याने आरंभी सर्वांत मागे आणि कडेला उभे राहावे. पुढे लाथा आणि कोपरे फार. ज्या भगिनींची गोष्ट वर आली त्या पाण्यातून शेवटून दुसऱ्या निघाल्या. त्यांनी निम्मे अंतर छातीवरच्या सावकाश हातांनी कापले (नियमाप्रमाणे कोणत्याही पद्धतीने पोहता येते), आणि दोन वेळा रक्षकाच्या होडीला धरून विसावा घेतला. होडीने पुढे ओढत नेले नाही तर तसे धरण्यासही परवानगी असते. हे आधी ठाऊक असल्यामुळेच आपण उतरलो, असे त्या सांगतात. पाण्यात २८ मिनिटे. सायकलीवर त्यांनी आम्हा दोघांपैकी एकाला मागे टाकले. कोणाला, हे लिहिण्याची गरज नाही. तिघेही शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचलो, दोन तासांच्या आतबाहेर, आणि तेथे टॉवेल घेऊन उभे असलेल्या चौथ्या गुरुजींनी आमचे अभिनंदन करण्याआधी वही उघडून तिघांच्या नावांपुढे ‘बाहेर’ अशी खूण केली.

ह्या वर्षी चक्रीवादळांचा काळ सरला की मेपासून पुन्हा तलाव आणि ऑगस्टपासून शनिवारी सकाळी फ्लिक-आँ-फ्लाकचा किनारा असा बेत आहे. शर्यतीत उतरण्याची सक्ती नाही. गेल्या वेळच्या पालकांपैकी चौघांनी आणि एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी नुसते तरंगणे शिकायचे म्हणून नावे दिली आहेत. येणाऱ्यांनी टॉवेल, पाण्याचा चष्मा, जुने बूट आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणावी. शिट्टी सात वाजता होते, आणि वहीत नाव लागल्याखेरीज कोणालाही पाण्यात जाऊ दिले जात नाही.